तयार कोणाला म्हणावे?



वसंतात व्याख्याने योजण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि पुढे ती गावोगावी पसरली. अशा व्यासपीठावर बहुधा विद्वान येतात. आम्ही विद्वान नव्हे. शाळेच्या बाकावर आम्ही नववीपर्यंत बसलो. पुढले शिक्षण कारखान्यांच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री जुन्या कोशांच्या संगतीत झाले. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही भीतभीतच सांगितले की, आम्ही एका शब्दावर बोलू. शब्द इंग्रजी आहे, पण तो आता इंग्रजांचा राहिलेला नाही. तो शब्द म्हणजे 'रेडी'.

चालक हसले. हसू येण्याजोगेच आहे. आपल्याकडे म्हशीच्या मादी पिल्लाला वगार म्हणतात, पण घाटावर गेलात तर तिलाच रेडी म्हणतात. आणि कोकणात वेंगुर्ल्याजवळ रेडी नावाचे एक गावही आहे. आम्हांला या दोहोंविषयी काही सांगावयाचे नाही. आर्वी रस्त्यावर गाडी उभी राहिली की ड्रायव्हर म्हणतो 'गाडी रेडी आहे', हॉटेलातला पोरगा म्हणतो 'चहा रेडी', आणि लग्नघरी नवरदेवाचा मामा ओरडतो 'नवरी रेडी झाली काय जी?' तो हा रेडी. शाळेच्या मैदानावर पोरे धावण्यापूर्वी जो ऐकतात, तोही हाच.

इतक्या साध्या शब्दासाठी कोश कशाला उघडावा, असे कोणी म्हणेल. आम्हीही उघडला नसता. पण या शब्दाने आमच्या माणसांची दोन दिवसांची मजुरी खाल्ली, आणि त्यात चूक आमची होती. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याबाहेरच्या एका कारखान्यात आमच्या युनियनचे साठेक सभासद होते. एके दिवशी सकाळी कामगार फाटकावर गेले, तर आतून निरोप आला की कच्चा माल आलेला नाही, आज काम नाही. पहिल्या दिवशी सर्वांची हजेरी लागली होती. दुसऱ्या दिवशी फाटकावर थोडी बाचाबाची झाली. आम्हांला वाटले, उगाच धक्काबुक्की होईल, पोलीस येतील, आणि उद्या काम मिळावयाचे तेही मिळणार नाही. म्हणून आम्हीच सांगितले की, फाटकावर जाऊ नका. रस्त्यापलीकडे कडुलिंब आहे, त्याच्या सावलीत बसा. बोलावणे आले की आत जा. माणसे शहाणी, त्यांनी ऐकले. दोन दिवस सकाळी सातपासून डबे घेऊन ती कडुलिंबाखाली बसली. चौथ्या दिवशी माल आला, काम सुरू झाले. पगाराच्या दिवशी पहिल्या दिवसाचा अर्धा पगार मिळाला आणि पुढल्या दोन दिवसांचा काहीच मिळाला नाही. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा एक टंकलिखित कागद पुढे आला. त्यात इंग्रजीत लिहिले होते की, त्या दोन दिवशी कामगार कामासाठी 'रेडी' नव्हते.

साठ माणसे डबे घेऊन फाटकापासून तीस पावलांवर बसली होती, आणि ती तयार नव्हती म्हणे! आम्ही संतापलो, बोललो, अर्ज केला. पण कायदा वाचून दाखविण्यात आला तेव्हा आम्ही गप्प झालो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली 'ले-ऑफ'ची कलमे घालण्यात आली. मालकाला काम देता आले नाही, तर एक वर्ष सलग सेवा झालेल्या आणि हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला मूळ वेतन व महागाईभत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी, असे त्यांत होते. पण अट अशी होती की, त्याने ठरलेल्या वेळी दिवसातून निदान एकदा कारखान्यात हजर झाले पाहिजे. झाडाखाली बसणे म्हणजे हजर होणे नव्हे. आमच्या माणसांच्या मनात तयारी होती, पोटात होती, डब्यात होती; कागदावर नव्हती. आणि ती कागदावर नव्हती, कारण आम्ही त्यांना झाडाखाली बसविले होते.

त्या रात्री आम्ही कोश उघडला. तयार म्हणजे नेमके काय, हे एकदा पाहावे असे मनाने घेतले. त्यातून जे हाती लागले तेच आज आपणापुढे ठेवीत आहो.

प्रथम इंग्रजी शब्द घेऊ. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'गेरॅडे' असे काहीसे होते. जर्मन भाषेत त्याचा भाऊ 'बेराइट' आहे, डच भाषेत 'खेरेट' आहे, आणि अर्थ सगळीकडे एकच: तयार. ही सर्व मंडळी ज्या कुळातली मानतात, त्याच कुळात 'राइड' म्हणजे घोड्यावर बसून जाणे हाही शब्द येतो. जुन्या इंग्रजीत याच शब्दाच्या जवळचे एक नाम होते, आणि त्याचा अर्थ घोड्याचा साज असा होता. म्हणजे 'रेडी' याचा मुळातला भाव असा दिसतो की, घोड्यावर खोगीर चढले आहे, लगाम लावला आहे, तंग आवळला आहे. आता स्वाराने फक्त बसावयाचे. आपण ज्याला 'रोड' म्हणतो तो शब्दही याच 'राइड'चा सोबती. आरंभी त्याचा अर्थ रस्ता असा नव्हता, घोड्यावरची वाटचाल असा होता. आणि पोलिसांची 'रेड' पडते ना, तीही याच घरची: घोडेस्वारांची धाड. वाटचाल, रस्ता, धाड आणि तयारी ही चारही एकाच तबेल्यातून निघाली आहेत, हे आम्हांला त्या रात्री प्रथमच कळले.

डच भाषेतली एक गोष्ट तर कामगाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे सुताराच्या, लोहाराच्या अवजारांना जो शब्द आहे, तो याच 'तयार' शब्दापासून झालेला आहे. करवत, हातोडा, पाना यांना सर्व मिळून ते 'तयारी' म्हणतात, असे म्हणा ना. ज्याच्या हाती अवजार आहे आणि ते धार लावून ठेवलेले आहे, तो तयार. यात मनाचा प्रश्न कोठे आला नाही.

आता आपला 'तयार' पाहू. हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की, तो परका आहे असे कोणाला वाटत नाही. पण तो फारशीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचे मूळ अरबी आहे. अरबीत 'तैर' म्हणजे पक्षी, आणि त्या धातूचा अर्थ उडणे. 'तय्यार' म्हणजे उडणारा. विमानाला उर्दूत 'तय्यारा' म्हणतात तो याच धातूपासून. मग उडणारा याचा सज्ज असा अर्थ कसा झाला? कोशकार याचे उत्तर शिकारखान्यात शोधतात. पूर्वी अमीरउमराव शिकारीसाठी ससाणे आणि बाज पाळीत. अशा पक्ष्याची जुनी पिसे झडून नवी येतात तोपर्यंत त्याला सोडता येत नसे. त्याला जपावे लागे, मोजून मांस द्यावे लागे, हातावर बसण्याची सवय लावावी लागे. नवी पिसे पुरी भरली, भूक बेताची झाली, आणि आता सोडला तर सावजावर झेपावून परत हातावर येईल अशी खात्री पटली, म्हणजे रखवालदार सांगे: पक्षी 'तय्यार' आहे. तेथून हा शब्द माणसाला, फौजेला, स्वयंपाकाला आणि परीक्षेला लागला. गवयाच्या गळ्यात 'तयारी' आहे असे आपण म्हणतो, पैलवान 'तयार' झाला म्हणतो, तेव्हा त्या जुन्या अर्थाची थोडी छटा अजून उरलेली दिसते. वर्षानुवर्षांची मेहनत, मोजका खुराक, आणि मग एकदाची झेप.

तिसरा शब्द 'सज्ज'. हा संस्कृत. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. 'सज्य' म्हणजे दोरीसह, दोरी चढविलेले. त्याचाच पुढे 'सज्ज' झाला असे पंडित सांगतात. एरवी धनुष्य उतरवून ठेवीत. लढाईची वेळ आली की एक टोक पायाशी दाबून, काठी वाकवून, दोरी चढवीत. असे धनुष्य म्हणजे सज्ज धनुष्य. येथे एक बारकावा आहे. धनुष्य कायम दोरी चढवून ठेवले, तर लाकूड वाकण्याला सोकावते आणि त्याचा जोर मरतो. म्हणून जाणता धनुर्धारी काम झाले की दोरी उतरवितो. नित्य सज्ज राहणे धनुष्यालाही झेपत नाही. ही गोष्ट आपण पुढे पुन्हा आठवू.

आणखी दोन शब्द घरातले आहेत. 'सिद्ध' हा एक. साधूला सिद्ध म्हणतात ते सोडा. स्वयंपाकघरात शिजलेल्या अन्नाला सिद्धान्न म्हणतात आणि कोरड्या धान्याला आमान्न. म्हणजे सिद्धता याचा एक अर्थ सरळ असा की, चूल पेटली, धूर डोळ्यांत गेला, अन्न शिजले. दुसरा 'कटिबद्ध'. पुढाऱ्यांच्या भाषणात हा फार येतो. पण मुळात तो कंबर बांधण्याचा शब्द आहे. गडी पोते उचलण्यापूर्वी कमरेला शेला आवळतो, आणि निंदणाला निघालेली बाई पदर खोचते. ती दोघे कटिबद्ध असतात. मात्र ती तसे म्हणत नाहीत.

आता ही पाच शब्दांची पंगत एकदा नीट पाहा. खोगीर घातलेला घोडा, पिसे भरलेला ससाणा, दोरी चढविलेले धनुष्य, शिजलेले अन्न, बांधलेली कंबर. यांत एकही शब्द नुसत्या इच्छेचा नाही. 'माझी तयारी आहे' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा 'माझी इच्छा आहे' इतकेच आपल्या मनात असते. शब्दांचे म्हणणे तसे नाही. शब्द म्हणतात, तयारी म्हणजे आधीच होऊन गेलेले काम. आणि ते काम ज्याने केले तो बहुधा दुसराच कोणी असतो. घोड्यावर बसणारा स्वार वेगळा, खोगीर चढविणारा मोतद्दार वेगळा. शिकार करणारा सरदार वेगळा, पक्ष्याला रात्र रात्र हातावर घेऊन बसणारा वेगळा. पंगतीला बसणारे वेगळे, आणि चुलीपुढे बसणारी वेगळी.

हे पाहावयाला आपणास अरबस्तानात जाण्याचे कारण नाही. आपल्या गावात पहाटे बंडी जुंपलेली दिसते. मालक येऊन बसतो आणि म्हणतो, चला. पण ती 'चला' म्हणण्याजोगी होण्यापूर्वी कोणी चार वाजता उठून बैलांना वैरण घातली, पाणी दाखविले, आसाला वंगण दिले, जू पाहिले, कासरा तपासला. घरात कोणी त्याच्याही आधी उठून भाकरी थापल्या. कापसाच्या हंगामात वेचणीला जाणाऱ्या बाया सकाळी रस्त्याला दिसतात तेव्हा आपण म्हणतो, दिवस सुरू झाला. त्यांचा दिवस सुरू होऊन तेव्हा दोन-तीन तास झालेले असतात. त्या दोन-तीन तासांचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो.

आमच्या धंद्यातही हेच आहे. यंत्र सुरू होते तेव्हा मजुरी सुरू होते असे मालक धरतो. पण यंत्राला तेल घालणे, पट्टा पाहणे, कपडे बदलणे, हातपाय धुणे यांचे काय? अमेरिकेत हा तंटा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मिशिगन राज्यात माउंट क्लेमेन्स येथे चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. फाटकातून आत शिरून आपल्या जागेपर्यंत चालत जाणे, अंगरखा घालणे, अवजारे मांडणे, यात कामगारांचा वेळ जाई. १९४६ साली न्यायालयाने निकाल दिला की, हा वेळही कामाचाच आहे. मालकवर्गात एवढा हलकल्लोळ झाला की, दुसऱ्याच वर्षी, १९४७ मध्ये, तेथल्या काँग्रेसने नवा कायदा करून तो हक्क बराचसा काढून घेतला. तयारीचे मोल किती असावे याचा अंदाज त्या घाईवरूनच यावा.

येथे कोणी म्हणेल, तयारी म्हणजे काम हे मान्य. पण नुसते वाट पाहणे हे काम कसे? हा प्रश्न योग्य आहे. त्याला उत्तर म्हणून आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे देतो.

पहिले पवनारचे. १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू करावयाचे ठरविले आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांचे युद्धविरोधी भाषण झाले. तेव्हा देशातल्या पुष्कळ लोकांना विनोबा कोण हे ठाऊक नव्हते. पण ते वर्ध्याला आले होते ८ एप्रिल १९२१ रोजी. मधली एकोणीस वर्षे सूत, विणकाम, सफाई, शिकविणे, यांत गेली. ती वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ वाट पाहण्याची वाटली असतील. गांधीजींना ती तशी वाटली नाहीत. त्यांनी भाषणाला माणूस निवडला नाही. खोगीर चढलेला घोडा पाहिला आणि लगाम हाती दिला, असे म्हटले तर विनोबांचा अवमान होऊ नये.

दुसरे उदाहरण पुलगावचे. तेथे लष्कराचे मोठे दारूगोळा कोठार आहे. अशा ठिकाणी आग विझविणारे जवान असतात. वर्षातले बहुतेक दिवस त्यांना आग विझवावी लागत नाही; बंब पुसणे, नळ्या तपासणे, कवायत करणे, आणि जागे राहणे. एखादा हिशेबनीस म्हणेल, हे बसून पगार घेतात. ३१ मे २०१६ च्या रात्री कोठारात आग लागली. ही माणसे धावली आणि त्यांतली अनेक परत आली नाहीत. दोन लष्करी अधिकारीही गेले. एका रात्रीचे काम, आणि त्यासाठी कित्येक वर्षांची तयारी. त्या रात्रीचा पगार द्यावा आणि बाकीच्या रात्रींचा कापावा, असे म्हणणारा माणूस आपणांत कोणी निघणार नाही.

नवल असे की, नेमका हाच प्रश्न आग विझविणाऱ्यांच्याच बाबतीत १९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. एका साबण कारखान्यातले आगरक्षक रात्री कारखान्यात झोपत, पत्ते खेळत, आणि घंटा झाली की धावत. त्या वेळेची मजुरी द्यावी की नाही? न्यायमूर्ती जॅक्सन यांनी जे म्हटले त्याचा मतलब असा की, मालक माणसाला केवळ वाट पाहण्यासाठीही कामावर ठेवू शकतो. आणि सेवा जशी विकत घेता येते तशी सेवेची तत्परताही विकत घेता येते. आम्ही हे वाचले तेव्हा कडुलिंबाखालची साठ माणसे डोळ्यांपुढे आली.

परंतु जगात बहुतेक ठिकाणी ही तत्परता विकत घेतली जात नाही, फुकट घेतली जाते. मुंबईच्या कापड गिरण्यांत 'बदली' कामगार असत. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यावयाचा माणूस म्हणजे बदली. हा रोज सकाळी फाटकावर येई. जॉबरची मर्जी झाली तर आत, नाही तर घरी. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची योजना आणली. त्यात बदल्यांना कार्डे मिळाली आणि जॉबरचा हात थोडा आखडला. पण रोज येण्याची अट राहिली, आणि काम न मिळालेल्या दिवसाची कोरी पाटीही राहिली. वर सांगितलेल्या १९५३ च्या ले-ऑफच्या कलमांतूनही बदली कामगार वगळलाच होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणीसंप सुरू झाला. त्याच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करण्याची मागणी होती, हे आज पुष्कळांना आठवत नाही. वर्षानुवर्षे दोरी चढवून ठेवलेल्या त्या माणसांचा जोर केव्हाच मरत चालला होता.

मुंबईच्याच गोदीने मात्र वेगळी वाट दाखविली. जहाज येईल तेव्हा काम, नाही तर रिकामे, असा गोदीचा धंदा. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार-नियमनाचा कायदा झाला, आणि त्याखाली योजना आल्या. नोंदलेला कामगार कामासाठी हजर झाला आणि काम नसले, तरी त्याला हजेरीचा भत्ता मिळू लागला. आणखी एक भत्ता होता, त्याचे इंग्रजी नाव मोठे गमतीचे आहे. आपण त्याला 'हिरमोडीचे पैसे' म्हणू. कामगाराला कामावर घेतले, तो आला, पण पाऊस लागला वा दुसरे काही झाले आणि काम सुरूच होऊ शकले नाही, तर त्याला परत पाठविताना हे पैसे द्यावे लागत. सरकारी कायद्याच्या भाषेत माणसाच्या हिरमोडीला किंमत लागलेली आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

गावातल्या माणसालाही असा एक हक्क महाराष्ट्राने दिला. आपल्या राज्याची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास सुरू झाली, आणि १९७७ चा तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, हे त्यातले तत्त्व. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही, अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता, अशी तरतूद होती. पण येथेही गोम तीच. भत्ता मागावयाचा तर काम मागितल्याचा कागद लागे, तारीख घातलेली पोच लागे. तोंडी काम मागणारे किती, आणि पोच घेऊन घरी जाणारे किती, हे ज्याने ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक सकाळ काढली त्याला सांगावे लागत नाही.

आज हा प्रश्न नव्या वेषात आला आहे. वर्ध्याला, नागपूरला हॉटेलांबाहेर मोटारसायकलवर बसलेली तरुण पोरे आपण पाहतो. हातात फोन, पाठीवर पेटी. फोनवर बटण दाबले की तो पोरगा 'रेडी'. मागणी आली तर धावावयाचे. न आली तर बसावयाचे. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, ऊन त्याचे. पैसे बहुधा फेरीचे मिळतात. फेरी आणि फेरी यांच्या मधल्या तासांना नाव नाही. इंग्लंडात टॅक्सी चालविणाऱ्यांनी 'उबर'विरुद्ध हाच वाद नेला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्या प्रदेशात परवाना आहे तेथे चालक फोनवर नोंद करून फेरी घेण्यास तयार आणि राजी असेल, तर तो सर्व वेळ कामाचाच होय. 'तयार आणि राजी' या जोडीतला पहिला शब्द तोच, ज्याने आमच्या साठ माणसांना ठकविले. तेथे त्याच शब्दाने माणसांना न्याय दिला. शब्दाचा दोष नव्हता. तयारी शाबीत करावयाला तेथे फोनची नोंद होती. आमच्याकडे कडुलिंबाची सावली होती.

म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही स्वतःला आणि आमच्या सभासदांना काही नियम घालून घेतले. ते फार साधे आहेत. काम असो की नसो, ठरलेल्या वेळी फाटकाच्या आत जाऊन हजेरी मागावयाची. हजेरीपट पुढे आला नाही, तर तेथेच कागदावर नावे, तारीख आणि वेळ लिहून सह्या-अंगठे करावयाचे, त्याची एक प्रत कचेरीत द्यावयाची आणि दुसरीवर पोच घ्यावयाची. पोच नाकारली तर ती प्रत त्याच दिवशी नोंदणी करून टपालाने पाठवावयाची. १९४७ चा तो कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलले. पण निम्म्या भरपाईचे तत्त्व राहिले, आणि हजर होण्याची अटही राहिली. तेव्हा नियम पाळावयाचे कारण संपलेले नाही.

यात एक गैरसमज नको. माणसाने रात्रंदिवस दुसऱ्याच्या हाकेला सज्ज असावे, असा उपदेश आम्ही करीत नाही. सज्ज शब्दाची दुसरी बाजू आम्ही वर सांगितली. दोरी उतरविण्याचीही वेळ असावी लागते. आठ तासांच्या दिवसासाठी जगभर कामगार झगडले ते त्या वेळेसाठीच. फोनवर 'रेडी' असलेल्या पोराला ती वेळ कोणती हे आज कोणी सांगत नाही, आणि पदर खोचलेल्या बाईला ती कधीच कोणी सांगितली नाही. ही दुसरी गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. युनियनच्या सभेला निघताना आम्ही तीस वर्षे घरात एकच हाक मारीत आलो, 'झाला काय डबा तयार?' ती हाक सभेच्या हिशेबात आम्ही कधी धरली नव्हती.

स्काउटच्या मुलांना बेडन-पॉवेल यांनी जे ब्रीद दिले, त्याचे हिंदी रूप 'तैयार' असे एकाच शब्दाचे आहे. ते फार चांगले ब्रीद आहे आणि आंजीच्या मुलामुलींनी ते जरूर घ्यावे. आमची विनंती एवढीच की, त्याच्याबरोबर एक प्रश्नही शिकून घ्यावा. कोणी 'सगळे तयार आहे' असे म्हटले की हळूच विचारावे, 'कोणी तयार केले?' आणि उत्तर मिळाले की ते नाव, तो वेळ आणि ती तारीख कोठेतरी लिहून ठेवावी.

त्या साठांपैकी काही जण आता कामावरून निवृत्त झाले आहेत. अधूनमधून भेटतात, चहा पितात. त्या दोन दिवसांच्या मजुरीविषयी त्यांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. एकाने मात्र एकदा हसत हसत विचारले होते, 'भाऊ, आम्ही तर तयारच होतो ना जी?' होय, ते तयार होते. ते कागदावर आणण्याची तयारी आमची नव्हती.